जहाजाचा एकच नकाशा

१५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत एकाच समारंभात तीन नौका नौदलात दाखल झाल्या. ‘सुरत’ ही विनाशिका, ‘निलगिरी’ ही फ्रिगेट आणि ‘वाघशीर’ ही पाणबुडी. तिन्ही आपल्या माझगाव गोदीत बांधलेल्या. माहीमला आमच्या घरी आम्ही तो समारंभ टीव्हीवर पाहत होतो. माझी भाची शेजारी बसली होती. ती मध्येच म्हणाली, ‘‘मामू, ही सुरत सगळी एका जागी बांधलेली नाही. सांगाड्याचे भाग दोन वेगवेगळ्या ठिकाणी झाले आणि माझगावला आणून जोडले.’’

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. सुरतची लांबी १६३ मीटर. आमच्या घरात दोन खोल्यांमधली भिंत काढून एक खोली केली, तेव्हा दोन्हीकडच्या लाद्या जुळल्या नाहीत. अर्ध्या इंचाची पायरी राहिली, तिला पाहुण्यांचा अंगठा अजून ठेचकाळतो. मिस्त्री एक, घर एक, तरी ही गत. मग दोन ठिकाणी बांधलेलं पोलाद एका रेषेत येतं कसं?

भाची इंजिनिअर आहे. नवी मुंबईतल्या एका कचेरीत ती जहाजांच्या पाइपांची आखणी करते. लढाऊ जहाजांची नव्हे, साध्या मालवाहू जहाजांची आणि टगबोटींची. पुढचे दोन-तीन रविवार मी तिला प्रश्न विचारून हैराण केलं. आज मी जे सांगणार आहे, त्यातलं निम्मं तिच्याकडून शिकलेलं आणि निम्मं माझ्या वडिलांकडून. कविता लिहिणारा माणूस जहाजाबद्दल कशाला बोलतो, असं ज्यांना वाटेल त्यांनी थोडा धीर धरावा.

माहीमच्या कोळीवाड्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या मी जन्मापासून पाहतोय. आता त्यांत फायबरच्या पुष्कळ दिसतात. जुनी लाकडी होडी बांधणारा कारागीर मात्र कागदावर काही काढत नसे. नाळ किती उचलायची, पोट कुठे फुगवायचं, हे त्याच्या डोळ्यांत असे. फळी हातात घ्यायची, एक डोळा मिटून पाहायची आणि तासायची. नकाशा डोक्यात आणि डोकं एकच, त्यामुळे दोन नकाशांत तफावत पडण्याचा प्रश्नच येत नसे. तो प्रश्न उभा राहतो जहाज मोठं झालं आणि डोकी वाढली की.

माझे अब्बा गोदीत होते. आमचं मूळ गाव रत्नागिरीकडचं; तिकडे घरटी एखादा तरी माणूस जहाजावर किंवा गोदीत असायचाच. अब्बा कुठल्या गोदीत होते ते सांगत नाही, कारण पुढे एक तक्रार यायची आहे. ते मोल्ड लॉफ्टमध्ये काम करत. लॉफ्ट म्हणजे एक लांबच लांब, खांब नसलेला माळा. त्याच्या काळ्या जमिनीवर जहाजाच्या रेषा पूर्ण आकारात काढायच्या. कागदावर जी रेघ वीतभर असते, ती इथे खोलीभर होते आणि कागदावर न दिसलेली चूक इथे डोळ्यांत भरते. लांब, लवचीक लाकडी पट्टी जमिनीवर वाकवायची, वजनं ठेवून ती दाबून धरायची आणि तिच्या कडेने खडूने रेघ ओढायची. त्या रेघेवरून पातळ लाकडाचे फर्मे कापायचे. तो फर्मा खाली प्लेटवर ठेवून खुणा करायच्या आणि खुणेवरून पोलाद कापायचं. अब्बांचा सगळा जन्म त्या जमिनीवर गुडघे टेकून गेला. गुडघ्यांना घट्टे पडले होते. मोहल्ल्यातल्या लोकांना ते नमाजाचे वाटत. अब्बा हसून म्हणत, ‘‘निम्मे नमाजाचे, निम्मे गोदीचे.’’

लॉफ्टमध्ये नकाशे वरच्या ड्रॉइंग ऑफिसातून येत. प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक चौकट असे. तिच्यात नकाशाचा नंबर, तारीख आणि फेरफाराचं अक्षर: पहिला ए, त्यात बदल झाला की बी, मग सी. नवा आला की जुना परत करायचा, असा नियम. पण एका नकाशाच्या प्रती किती? एक लॉफ्टमध्ये, एक प्लेट कापणाऱ्यांकडे, एक पाइपवाल्यांकडे, एक विजेच्या खात्यात, एक स्टोअरमध्ये. बदल झाला की सगळ्या प्रती बदलल्या पाहिजेत. आणि त्या बदलणार कोण, तर फाइल बगलेत मारून जिने चढणारा-उतरणारा शिपाई.

मी दुसरी-तिसरीत असतानाची गोष्ट. अब्बांचे एक सोबती लालबागला राहत. गणपतीत आम्ही त्यांच्याकडे जायचो, ईदला ते आमच्याकडे यायचे. आम्ही मुलं त्यांना नुसतंच काका म्हणायचो. काका प्लेटांवर खुणा करत. एकदा त्यांनी जहाजाच्या एका आडव्या पोलादी भिंतीत केबल जाण्यासाठी भोकाची खूण केली, ती बी नकाशावरून. वरून सी निघाला होता. त्यात ते भोक हातभर बाजूला सरकलं होतं. सीची काकांच्या खात्यातली प्रत एका खणात पडून होती आणि तो खण ज्याचा, तो माणूस रजेवर. भिंत कापली, उभी केली, वेल्डिंग झालं. मग कळलं. भोक बुजवायचं, नवं पाडायचं, पुन्हा तपासणी करायची. चौकशी झाली आणि काकांचं एक वर्षाचं इन्क्रिमेंट थांबवण्यात आलं. खण ज्याचा होता त्याला कुणी काही विचारलं नाही.

ही गोष्ट मला तेव्हा कळली नाही. काका निवृत्त झाले आणि गेले, त्यानंतर कधीतरी अब्बांनी सांगितली. वर आणखी एक वाक्य सांगितलं. ‘‘सी आमच्याकडे दोन दिवस आधी आला होता. मी पाहिला होता.’’ लॉफ्टपासून काकांची जागा एका जिन्याच्या अंतरावर. पण दुसऱ्या खात्याचं काम, आपण कशाला बोला, म्हणून अब्बा बोलले नाहीत. आणि चौकशीतही त्यांना कुणी विचारलं नाही.

आता भाचीच्या कामाकडे येतो. ती ज्या साधनांनी काम करते त्यांत नकाशा हा कागद राहिलेला नाही. संगणकात जहाजाची एक प्रतिकृती असते, लांबी-रुंदी-उंचीसकट. मोठ्या जहाजाच्या प्रतिकृतीत लाखो वस्तू असतात. प्लेटा, फासळ्या, पाइप, व्हॉल्व्ह, केबलींचे मार्ग, पंखे, बिछाने, अगदी स्वयंपाकघरातलं बेसिनसुद्धा. असे प्रोग्रॅम जगात बरेच आहेत. स्वीडनमध्ये तयार झालेला ट्रायबॉन, स्पेनचा फोरान, फ्रान्सचा कॅटिया ही त्यांतली जुनी नावं. पण चित्र तिन्ही बाजूंनी दिसतं, यात मोठं काही नाही. मोठं आहे ते त्यातल्या वस्तूंचं एकमेकींशी असलेलं नातं.

भाचीने मला पंपाचं उदाहरण दिलं. समजा, एक पंप बदलायचा ठरला. आधीचा बनवणारा कारखाना बंद पडला, म्हणून दुसऱ्याचा घेतला. नवा पंप हातभर लांब आणि पन्नास किलोंनी जड. म्हणजे त्याचा पाया बदलणार. पायाखालच्या प्लेटेला जास्तीचा आधार लागणार. पाइपाचं तोंड सरकणार, पाइप सरकला की भिंतीतलं भोक सरकणार. ती भिंत पाणी अडवणारी असेल, तर ते भोक कसं बंद करायचं याचा हिशेब नव्याने. मोटर मोठी म्हणून केबल जाड, जनरेटरवरचा भार वाढला. मोटर तापणार म्हणून त्या खोलीतली थंड हवा वाढवायची, म्हणजे हवेचा डक्ट मोठा. मोठा डक्ट आता छताखालच्या दुसऱ्या पाइपाला धडकतो. शिवाय सुट्या भागांची यादी बदलली आणि जहाजावरच्या माणसांना द्यायचं पुस्तकही बदललं. एका पंपापायी किमान सात-आठ खात्यांच्या दारावर थाप पडली.

जुन्या पद्धतीत ही थाप शिपायाच्या हातून पडायची. आता प्रतिकृतीत पंप बदलला की जिथे जिथे धक्का लागला, तिथे खूण उमटते. डक्ट पाइपाला धडकतोय, हे पोलाद कापण्याआधीच दिसतं. खरेदी खातं, प्लेट कापणारं यंत्र, वजनाचा हिशेब ठेवणारा, सगळे एकाच साठ्यातून माहिती घेतात. बदल कुणी केला, कधी केला, कुणी मंजूर केला, याची नोंद राहते. इंग्रजीत याला भारदस्त नावं आहेत. मला आपली साधी गोष्ट कळली: नकाशाची प्रत नसते, नकाशा एकच असतो आणि सगळे त्याच्याचकडे पाहतात.

वजनाबद्दल दोन शब्द जास्त सांगतो, कारण ते मला फार पटलं. घरात कपाट माळ्यावर ठेवलं काय आणि खाली ठेवलं काय, घर उलटत नाही. जहाजात वजन किती यापेक्षा ते किती उंचीवर आहे, हे महत्त्वाचं. वर वर वजन चढत गेलं की जहाज कलल्यावर सावरायला कुरकुरतं. म्हणून प्रत्येक वस्तूचं वजन आणि तिची जागा यांची वही ठेवावी लागते, आणि तिच्यातली चूक फार महाग पडते. स्पेनमध्ये ‘एस-८०’ जातीच्या पाणबुड्या बांधत होते. २०१३मध्ये लक्षात आलं की पाणबुडी ७५ ते १०० टन जड झाली आहे. एवढी, की बुडी मारली तर वर येणं कठीण. हिशेबात कुठेतरी दशांश चिन्ह चुकलं, असं तेव्हा सांगितलं गेलं. उपाय म्हणून पाणबुडी सुमारे दहा मीटरनी लांब केली. मग २०१८मध्ये कळलं की तिच्या तळावरचा धक्का तिला अपुरा पडतो, तोही वाढवायला हवा. पहिली पाणबुडी नौदलाला मिळायला २०२३ उजाडलं. संगणक त्यांच्याकडेही होतेच.

म्हणजे संगणक असून भागत नाही, ते एकमेकांशी बोलले पाहिजेत. याचं जगात गाजलेलं उदाहरण जहाजाचं नसून विमानाचं आहे. एअरबसच्या ए-३८० या दुमजली विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर असते. जर्मनीत हॅम्बुर्गला विमानाचे काही भाग होत आणि फ्रान्समध्ये तुलूझला ते जोडले जात. दोन्हीकडे कॅटियाच होता, पण हॅम्बुर्गला जुनी आवृत्ती आणि तुलूझला नवी. भाग जोडायला घेतले तेव्हा केबली आखूड पडल्या. २००६मध्ये हे सगळं चव्हाट्यावर आलं, विमान सुमारे दोन वर्षं लांबलं आणि वरिष्ठांना खुर्च्या सोडाव्या लागल्या. लालबागच्या काकांचा बी आणि सी तो हाच, फक्त इथे खण दोन देशांत होते.

मुंबईने यापेक्षाही मोठा घोळ पाहिला आहे. १८१२ साली इंग्रजांच्या नौदलाने मुंबईच्या वाडिया कारागिरांना एक फ्रिगेट बांधायला सांगितली. नकाशे इंग्लंडहून ‘जावा’ नावाच्या युद्धनौकेवरून निघाले. डिसेंबर १८१२मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’ला गाठलं, निकामी केलं आणि नकाशे समुद्रात गेले. पुन्हा प्रत काढा, पुन्हा पाठवा. जमशेटजी बमनजी वाडियांच्या हाताखाली मलबारच्या सागवानाची ती ‘ट्रिंकोमाली’ अखेर १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. इंग्लंडमध्ये हार्टलपूलला ती आजही तरंगते आहे. एका नकाशासाठी वर्षानुवर्षं खोळंबून राहिलेले सुतार डोळ्यांसमोर आणा. आमचा शिपाई निदान दुपारच्या जेवणाआधी यायचा.

माझगाव गोदी १९६०मध्ये सरकारकडे आली. तिथे बांधलेली पहिली ‘निलगिरी’ १९६८मध्ये पाण्यात उतरली आणि १९७२मध्ये नौदलात गेली. तिचा आराखडा ब्रिटनच्या लिअँडर जातीच्या फ्रिगेटचा. तिच्याच नावाची नवी निलगिरी मात्र भारतीय नौदलाच्या स्वतःच्या आरेखन विभागाने आखलेली आहे. १४९ मीटर लांब आणि साधारण ६,६७० टनांची. नौदलाच्या या आरेखन विभागात २०१८मध्ये आभासी वास्तवाचं केंद्र सुरू झालं. डोळ्यांना उपकरण लावून न बांधलेल्या जहाजात चालून पाहायचं. व्हॉल्व्ह फिरवायला माणसाचा हात पोहोचतो का, आग लागली तर या जिन्याने दोघं एकदम उतरतील का, हे खलाशालाच विचारता येतं. अब्बांना हे आवडलं असतं. जहाज बांधून झाल्यावर एखादा व्हॉल्व्ह असा सापडायचा की तो फिरवायला माकडच हवं, असं ते सांगत.

या नव्या फ्रिगेट ज्या पद्धतीने बांधल्या, तिला एकात्मिक बांधणी म्हणतात. आधी पूर्ण सांगाडा उभारून मग आत पाइप ओढायचे, असं नाही. जहाजाचे मोठे तुकडे, म्हणजे ब्लॉक, वेगवेगळे करायचे. शक्य तेवढे पाइप आणि केबलींचे मार्ग त्यांत आधीच बसवायचे. मग क्रेनने उचलून एकाला एक लावायचे. माझगावला तीनशे टन उचलणारी गोलिएथ क्रेन आहे. पण इथेच माझ्या लादीचा प्रश्न येतो. ब्लॉक जुळले नाहीत, तर प्लेटच नव्हे, आतला एकेक पाइप चुकणार. त्यातून वेल्डिंगने पोलाद आकसतं, वाकतं. म्हणून प्लेट कापतानाच थोडी सूट ठेवतात, तयार ब्लॉक लेझरच्या उपकरणाने मोजतात आणि ती मापं प्रतिकृतीशी ताडून पाहतात. दोन कडा समोरासमोर येण्याआधीच कुठे घासायचं, कुठे कापायचं ते कळतं. अब्बांची ती लवचीक पट्टी आणि दोरी हेच काम करत होती. लेझर ते मिलिमीटरात करतो आणि त्याचे गुडघे दुखत नाहीत.

याने वेळ किती वाचतो? निलगिरी बांधायला ९३ महिने लागले. त्याच वर्गाची ‘तारागिरी’ माझगाव गोदीने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी नौदलाच्या हवाली केली, ती ८१ महिन्यांत. हे श्रेय अधिकृतपणे पहिल्या दोन नौकांच्या अनुभवाला दिलं गेलं, आणि मला ते खरं वाटतं. प्रोग्रॅम विकत घेता येतो. पहिल्या जहाजात काय अडलं, ते दुसऱ्याच्या वेळी आठवणारा फोरमन विकत मिळत नाही.

सगळं एका जागी जोडलं, म्हणजे सगळं एका जागी सापडतं, हीही एक धास्ती आहे. ऑगस्ट २०१६मध्ये ‘दि ऑस्ट्रेलियन’ या वृत्तपत्राने स्कॉर्पिन पाणबुडीची २२,४०० पानांची माहिती फुटल्याची बातमी दिली. त्याच जातीच्या पाणबुड्या तेव्हा माझगावला बांधल्या जात होत्या. आपल्या नौदलाने म्हटलं की फूट भारतातून झालेली दिसत नाही. पण विचार करा, २२,४०० पानं कागदावर चोरायची तर टेम्पो लागला असता.

आणि या साखळीचं शेवटचं टोक अजून कागदाचंच आहे. एका फ्रिगेटच्या कामात दोनशेच्या वर लहान-मोठे उद्योग असतात. त्यांत एखादा असा असणारच, ज्याच्याकडे एक यंत्र, चार माणसं आणि टेबलावर प्रिंटआउट. प्रतिकृतीत बदल झाला, खूण उमटली, मेल गेला, आणि प्रिंटआउट होता तसाच. भाचीच्या मते तिच्या कामातल्या बहुतेक अडचणी त्या टेबलावर जन्मतात. सगळ्यांत स्वस्त माणसाकडे सगळ्यांत जुना नकाशा, हे काकांच्या वेळीही होतं.

हे ऐकून मला माझंच एक पुस्तक आठवलं. संग्रह छापखान्यात असताना एका कवितेची ओळ मी तिसऱ्या मुद्रितात बदलली. छापखान्याने दुसरं मुद्रित उचललं. टाकलेली ओळ आज पुस्तकात आहे आणि एका चांगल्या समीक्षकाने नेमकी तीच वाखाणली आहे. कविता त्यानेही तरून जाते, म्हणून मी गप्प बसलो. पाणी अडवणाऱ्या भिंतीबाबत असं गप्प बसता येत नाही.

परवा भाची आमच्याकडून काम करत होती. तिच्या पडद्यावर एका टगबोटीचं इंजिनघर फिरत होतं. हिरवे पाइप, निळे पाइप. तिने एका व्हॉल्व्हची जागा बदलली. दोन ठिकाणी लाल खुणा उमटल्या, त्या तिने सोडवल्या. बाजूला नोंद आली: तिचं नाव, तारीख, वेळ, कुणाकुणाला कळवलं त्यांची यादी. मी म्हटलं, ‘‘झालं? आता सगळ्यांना कळलं?’’

‘‘गेलं सगळ्यांना,’’ ती म्हणाली आणि फोन उचलला. पलीकडे रबाळ्याच्या एका वर्कशॉपमधला माणूस होता. ती त्याला विचारत होती, ‘‘दादा, आत्ता पाठवलंय ते उघडलंत का? नाही, आत्ता उघडा. मी थांबते. कोपऱ्यातलं अक्षर काय आहे ते वाचून दाखवा.’’